हाताला कळेल असं घर

अमरावती,
वैशाख वद्य पंचमी, शके १७८७

प्रिय तानू,

हे पत्र तुला पंजाबराव वाचून दाखवतील हे ठाऊक असूनच लिहितो आहे. बहिणीसमोर मोठ्यानं वाचताना भावाचा आवाज अडखळेल अशा काही गोष्टी यात आहेत. पंजाबराव, तुम्हाला विनंती एवढीच की मधलं काही गाळू नका, आणि माझी कीव येऊन किंवा माझ्यावर रागावून पदरचं काही जोडूही नका. जे आहे ते तानूला ऐकू द्या.

इकडे ऊन फार आहे. सकाळी विहिरीवरून दोन घागरी आणल्या की दिवसाचा निम्मा दम तिथेच जातो. दिवाळीनंतर पंजाबरावांनी बैलबंडीत गादी घालून तुला माहेरी अकोल्याला नेलं, तेव्हापासून पाणी मीच भरतो. माईचे गुडघे आता जात्यावर फार वेळ बसू देत नाहीत; ती थोडं दळते, थोडा वेळ भिंतीला टेकते, पुन्हा दळते. शाळेतली पोरं कापूस वेचणीच्या दिवसांत गायब होती, ती आता एकेक करून परत येत आहेत, कारण अमेरिकेतली लढाई निवाली म्हणतात आणि कापसाचा भाव उतरला. ज्यांनी या तीन-चार वर्षांत बैलांच्या शिंगांना चांदी चढवली, ओसरीत मुंबईची काचेची झुंबरं टांगली, ते बाजारात हल्ली गप्प बसलेले दिसतात. आपल्याकडे तेव्हाही झुंबर नव्हतं. मी मात्र असा थकलो आहे की जणू ती सगळी झुंबरं मीच वर्षभर डोक्यावर धरून उभा होतो.

घर मात्र पार बदललं आहे. तू पाहशील तर, असं लिहिणार होतो. गेल्याच्या आदल्या फाल्गुनात तुला देवी आल्या, तू वाचलीस आणि डोळे गेले. त्याला वर्ष उलटलं, तरी माझ्या लेखणीतून अजून ‘पाहशील’च येतं. म्हणून कुठे काय केलं ते नीट सांगतो. एकाही गोष्टीला बाजारात जावं लागलं नाही.

सुरुवात झाली चैत्रात. माई म्हणाली, “घर लिपून घे एकडाव. भिंतीची रया गेली. पाव्हणे येऊन राहिले.” मी शाळा सुटल्यावर तळ्याकडची पांढरी माती दोन खेपांत आणली, शेण आणि गव्हाचा भुसा घालून पायानं तुडवली, दोन दिवस मुरवली आणि माजघरापासून हात घातला. पुरुष माणूस भिंत सारवतो म्हणून समोरच्या पार्बताबाई कुडाशी येऊन उभ्या राहिल्या. तुझ्या त्या पार्बताबाई, सांडगे घालायला तुला घेऊन जायच्या त्या. थोडा वेळ बघून म्हणाल्या, “मास्तर, भिंत पाटीवानी पुसू नोका. तयहात लावा, बोटं नोका लावू.” मग स्वतःच आत आल्या आणि हातभर भिंत सारवून दाखवली. त्यांचा हात फिरलेली जागा आणि माझा हात फिरलेली जागा अजून वेगवेगळी ओळखू येते.

माजघरातून रांधणीच्या दाराकडे जाताना, कमरेच्या उंचीवर, भिंतीचा एक पोपडा निघून खळगा पडला होता. आठवतो? मी तो भरला. दोन बोटं खोल होता, माती दाबून गुळगुळीत केला, वरून हात फिरवला आणि बरं वाटलं. पुढची वीतभर भिंत सारवली आणि हात तिथेच थांबला. डोळे गेल्यावर आठ महिने तू याच भिंतीला तळवा लावून चालायचीस. खळग्यात बोटं गेली की थांबायचीस आणि उजवीकडे वळून रांधणीत शिरायचीस. एकदा तू मला म्हणाली होतीस, हा खड्डा बुजवू नका, हा माझा दरवाजा आहे. मी हो म्हटलं होतं. आणि आता पाहुण्यांना भिंत चांगली दिसावी म्हणून मीच तो बुजवून बसलो होतो.

मी ओली माती बोटांनी उकरून काढली. पण आपसूक पडलेला खळगा वेगळा आणि उकरलेलं भोक वेगळं. ते फार वाईट दिसायला लागलं. तेव्हा त्याच्याभोवती मातीची एक वळी लावली, दिवाळीत किल्ल्याला लावतात तशी. वळीला पान जोडलं. मग ती वळी भिंतीवरून मागे नेत ओसरीच्या दारापर्यंत आणली. आता ती कमरेच्या उंचीची एक वेल झाली आहे, बोटभर जाड, तुझा तळवा तिच्यावरून सरकत जाईल अशी. सुकताना भेगा पडल्या, त्या चिंचोक्याच्या खळीत माती कालवून भरल्या. चिंचोके पार्बताबाईंनी दिले. उरलेले मी ओल्या मातीतच दाबून बसवले: ओसरीच्या दाराशी एक, माजघरात देवाच्या कोनाड्याखाली दोन, रांधणीशी तीन. वेलीला गेरू लावला आणि चिंचोके तसेच काळे ठेवले. बघणाऱ्यालाही बरं दिसतं.

ओसरीच्या दाराला पऱ्हाटीच्या वाळक्या बोंडांचं तोरण केलं. कापूस वेचून झाल्यावर झाडावर जी कडक टरफलं उरतात, ती सुतळीत ओवली. वारा आला की खडखडतात, म्हणजे बाहेरचं दार कुठे आहे ते माजघरात बसूनही कळतं. परसदाराला टरफलं नाहीत. तिथे तुझ्या दोन जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांची वेणी घालून पडदा केला आहे. त्याचा आवाज होत नाही, तो गालाला लागतो. रांधणीत जरा जास्त दिवस गेले. शाळेतले जुने कागद भिजवून कुटले, त्यात मेथीचं पीठ घातलं म्हणजे कीड लागत नाही, आणि मडक्यावर थापून त्याच्या टोपल्या केल्या. पहिल्या दोन वाकड्या झाल्या, त्यात कांदे ठेवले आहेत. मिठाच्या गाडग्याच्या गळ्याला अंबाडीच्या दोरीची एक गाठ, तिखटाला दोन, हळदीला तीन. न्हाणीपर्यंत फुटक्या कौलांचे तुकडे दोन्ही बाजूंनी उभे रोवून वाट केली. अनवाणी पावलाला कड लागते, पण बोचत नाही. मी डोळे मिटून चालून बघितली.

हे सगळं मी पाहुण्यांसाठी करतो आहे असं माईला वाटत होतं. ती दोन दिवस खुशीत होती, मला न मागता ताक आणून देत होती. आता पाहुणे कोण होते ते सांगतो.

माघात तुझं पत्र आलं होतं, पंजाबरावांच्या हातचं. त्यात तू लिहवलंस की मला आता यायला सांगू नका, माझ्या हातून घर चालणार नाही, माईंना सुख नाही, तुम्ही दुसरं लग्न करा, माझी हरकत नाही. माझ्या चुकीची शिक्षा तुम्ही दोघांनी काय म्हणून भोगायची. त्यावर तू हळदीचा हात उमटवला होतास. ते पत्र मी त्याच संध्याकाळी माईला वाचून दाखवलं. नाही म्हटलं नाही, तानू. हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. भिंतीला टेकून बसलो. माईनं माझं गप्प बसणं हो धरलं आणि ते बरोबरच होतं. मला तेव्हा फक्त कुणीतरी पाणी भरावं, कुणीतरी दळावं, एवढंच हवं होतं. तुला हाताला धरून न्हाणीपर्यंत नेताना मी कितीदा मनात वैतागलो आहे ते तुला कदाचित माझ्या बोटांवरून कळलं असेल. तू त्याबद्दल कधी बोलली नाहीस.

नांदगाव पेठेच्या एका घरातली मुलगी माईनं शोधून काढली. सुभद्रा नाव. मी तिला पाहिलं नाही. तिचे वडील आणि काका घर बघायला अक्षयतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी आले. ओसरीत बसले, पन्हं झालं, मग माईनं त्यांना आत आणलं. वडील म्हातारे, शेतकरी माणूस, हातांना भेगा. माजघरात शिरताना त्यांनी आधाराला भिंतीवर हात ठेवला आणि तो नेमका वेलीवर पडला. दोन पावलं ते वेल धरूनच चालले. मग थांबून म्हणाले, “मास्तर, हे वर काहून आणलं? नक्षी तं खाली आखतेत, सपाट.”

माई म्हणाली, “नव्या सुनंसाठी केलं त्यानं. हौस हाये त्याले.”

मी म्हटलं, “नाही. माझ्या बायकोला डोळे नाहीत. तिच्या हातासाठी केलं आहे.”

हे तोंडातून कसं निघालं मला कळलं नाही. आधी काही ठरवलं नव्हतं. म्हाताऱ्यानं हात काढला नाही. त्यांनी विचारलं, “थे येऊन राहिली का घरी?” मी म्हटलं, अजून विचारलं नाही. त्यावर ते भावाला म्हणाले, “चाल रे. या घरात जागा नाई.” रागावून नाही, जागाच नाही म्हणून सांगावं तसं म्हणाले. जाताना माईला हात जोडून म्हणाले, “बाई, पोरगी द्याले आलो होतो. सवत कराले नाई आलो. आमाले तं असं सांगतलं होतं का पहिलीनं संसार सोडला म्हनून.”

माई त्यानंतर पाच दिवस माझ्याशी बोलली नाही. सहाव्या दिवशी मी शाळेतून आलो तर ती माजघरात वेलीवर हात ठेवून, डोळे मिटून, सावकाश रांधणीकडे चालत होती. मला बघून तिनं हात काढला आणि म्हणाली, “तिसऱ्या चिंचोक्याजवळ माती खरबड हाये. तिच्या हाताले लागंल. घासून घे.” मी घासून घेतलं.

घर झालं ते असं. पण घर दाखवायला मी हे पत्र लिहीत नाही. तुला देवी आल्या तेव्हा माई म्हणाली होती, सुनेनं देवीची ओटी चुकवली म्हणून कोप झाला. तू ते खरं मानलंस. आठ महिने खरं मानून या घरात वावरलीस, आणि तेच खरं मानून हळदीचा हात उमटवलास. माई ते बोलली तेव्हा मी समोर बसून ऐकत होतो आणि एक गोष्ट बोललो नाही. तुला देवी येण्याआधी, पौषात, देवी टोचणारा सरकारी माणूस आपल्या दारात आला होता. तू आणि माई कौंडण्यपूरला गेला होतात, दुसऱ्या दिवशी येणार होतात. त्यानं विचारलं, घरात कुणाला टोचायचं राहिलं आहे का, मी उद्या पुन्हा येतो. मी म्हटलं, राहिलं नाही कुणी. माईला हे बाटवणं वाटायचं, घरात रडारड होईल, आणि मला त्या दिवशी वाद नको होता. नेहमीसारखा थकवा होता. माझ्या दंडावरच्या खुणा तू एकदा विचारल्या होत्यास. लहानपणी भाजलो, असं मी सांगितलं. त्या भाजल्याच्या नाहीत. मास्तरकी शिकायला गेलो तेव्हा मी स्वतः टोचून घेतलं होतं, आणि घरी भीतीनं सांगितलं नव्हतं. शाळेत मी पोरांच्या आईबापांना समजावत होतो की टोचून घ्या, आणि माझ्या दारातून त्या माणसाला परत पाठवत होतो. ओटी चुकली म्हणून तुझे डोळे गेले नाहीत, तानू. मी एक दिवस टाळला म्हणून गेले असतील. चूक तुझी नव्हती. शिक्षा मात्र तू घेतलीस आणि मी ती घेऊ दिली. हे माईलाही मी काल सांगितलं आहे. आता हे ऐकून तुला यायला सांगण्याचा मला हक्क उरत नाही, म्हणून सांगत नाही. ज्येष्ठ लागला की मी स्वतः बंडी घेऊन अकोल्याला येईन. तू बाहेर आलीस तर तुझ्यासमोर बसेन आणि तुला जे म्हणायचं असेल ते ऐकेन. आत राहिलीस तर ओट्यावरूनच मागे फिरेन आणि पुन्हा पत्र लिहून त्रास देणार नाही. पंजाबराव, वाचून झालं असेल तर थोडा वेळ तिला एकटीला बसू द्या.

तुझाच,
भगवंत