जे हललं नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर
आलो बाबा एकदाचा रत्नागिरीला! मुंबईची दगदग संपली, हेच खूप. बंदरावरच्या बर्फ कारखान्यात कॅमेऱ्यांच्या खोलीत नोकरी मिळालीय. मागे ओढली की कुरकुरणारी, पण मऊ खुर्ची. खिडकीतून सुक्या मासळीचा वास. बायको श्रद्धा आणि लेक सानवी देवरूखला. रविवारी सानवीचा पाचवा वाढदिवस, सकाळच्या एसटीने जाणार म्हणजे जाणार.

मंगळवार
कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र चित्राचे चौकोन पाडतं. होडी चार बोटं सरकली, तर होडी परत काढत नाही. चौकोनावर बाण मारून ठेवतं, चार बोटं डावीकडे. जे हललं नाही ते मागच्या चित्रातून तसंच उचलतं. जागा वाचते. मालक गुणाजीशेठ म्हणाले, चित्रण अजून दाबून साठवा, डिस्क भरत आलीय. मग बारीक हालचाल मोजायचीच नाही, असं करून टाकलं. शेठ खूश, मी सुटलो.

बुधवार
चहा देणाऱ्या धोंडूबाई सांगत होत्या, माझ्या आधीचा काशीरामही असाच दमलेला. बसला की उठायचं नाव नाही. गणपतीनंतर एके दिवशी खुर्ची रिकामी, खाली नुसत्या चपला.
या खोलीचं जुनं चित्रण लावलं. काशीराम बसलेला दिसतो. गणपतीनंतरही. परवाच्या रविवारीही. सोमवारी मी खुर्ची ओढली, तेव्हा पुसला गेला.
मीच पुसला की काय त्याला? आईशप्पथ, अंगावर काटा आला. पण उठून जायचाही कंटाळा.

शुक्रवार
धोंडूबाई आल्या, खुर्चीकडे बघून चहा परत घेऊन गेल्या. हाक मारली — मागे वळल्या नाहीत. पडद्यावर माझ्यावर एकही बाण नाही. हात वर केला. चित्रात तो मांडीवरच.

शनिवार
यंत्र पूर्ववत करायला गेलो — बटण दाबतोय, दबत नाही. उठवत नाही. दमलो रे देवा. जरा पाठ टेकतो.

रविवार
एसटी गेली —
श्रद्धा आलीय. सानवी नव्या फ्रॉकात. धोंडूबाई सांगतायत, खुर्ची शुक्रवारपासून रिकामी, चपला तेवढ्या आहेत —
सानवी पडद्याकडे बोट दाखवतेय. बाबा बसलाय म्हणते. मी ओरडतोय — श्रद्धा रडतेय, कुणीच —
सानवी खुर्चीकडे येतेय. बसायचंय म्हणते, बाबाजवळ —
बाय माझे, ओढू नको गो — हात नको लावू खुर्चीला, मी अजून इथं