नर अद्याप मिळालेला नाही

बल्लारशा,
२० जानेवारी १९८४

तर उत्तरेश्वर पाव्हणं, ते तुमचं म्हणणं मला अजून मान्य न्हाय. "दाजी, नाव किड्याला दिलंय, तुमची बायको कुणी पळवली न्हाय," असं तुम्ही मागच्या कार्डात लिहिलं आणि खाली मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद घालून मोकळे झाला. जसं काही घडलंच न्हाय. घडलंय. माझ्या बायकोचं नाव परक्या माणसानं पुस्तकात छापलंय, आणि तुम्ही तिचे सख्खे भाऊ असून ढोकीच्या कारखान्यात सगळ्या हापिसाला पेढे वाटले.

रामराम घालायचा राहिला, तो घ्या. आत्याबाईंचे गुडघे कसे आहेत? मामांचा खोकला थंडीनं वाढला असंल, त्यांना म्हणावं बिडी तरी कमी करा. तुम्ही वजनकाट्यावरनं उठून खुर्चीत बसला हे ऐकून बरं वाटलं (थोडंच वाटलं, खोटं कशाला लिहू). माझी तब्येत ठीक, फक्त जेवण गोड लागत न्हाय. त्याचं कारण हेच पत्र.

आता मला एकदा सगळं नीट मांडू द्या. मी इकडं लाकडाच्या वखारीत आलो त्याला दोन वर्षं झाली. (त्याआधी नळदुर्गाचा ढाबा सोडला, मग ट्रकवरची क्लीनरी सोडली, हे सारखं उगाळू नका. एका जागी माझा पाय ठरत न्हाय, ते तुम्ही सोयरीक करतानाच बघायला पाहिजे होतं.) मी आलो आणि महिन्याच्या आत तुमची बहीण पाझर तलावाच्या कामावरनं ईट गावाला येताना सरपणाची मोळी घेऊन आली, आणि मोळीतली एक काडी चालायला लागली. दुसरी बाई असती तर मोळी टाकून पळाली असती. हिनं ती काडी डालड्याच्या डब्यात घातली, वर बोरीचा पाला टाकला आणि शाळेत उतरलेल्या कल्याणप्पा सरांना नेऊन दाखवली. हे सर सोलापूरच्या कॉलेजातले, टोळ धरायला आले होते. (दुष्काळात माणसं आमच्याकडं काय काय धरायला येतात.) सर म्हणाले, असला काडीकिडा आजवर जगात कुणी लिहून ठेवलेला न्हाय. झालं. दोन वर्षं भिंगं लावली, पायाच्या नखापासनं मापं घेतली, आणि आता छापून आलं. पुढं कसलं तरी लांबलचक विलायती नाव, आणि मागं शेपूट लावून चांगुणा.

चांगुणा कुठली, पाव्हणं? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं मी 'शिवगंगा' लिहिलं, तवा ताट धरून तुम्हीच उभे होता. चार महिने विचार करून काढलेलं नाव. ते तुमच्या घरात एका माणसानं एक दिवस घेतलं न्हाय. (मीही घेतलं न्हाय, पण नवऱ्याचं वेगळं आहे, आम्ही 'अगं' म्हणतो.) सरांनी नाव विचारलं तवा हिनं खुशाल माहेरचं सांगितलं. म्हणजे मी तिला आजवर कुठल्याच नावानं हाक मारली न्हाय, आणि आता विलायतेतले चष्मेवाले तिला चांगुणा, चांगुणा करणार.

बरं, नाव दिलं तर दिलं. पण लिहिलंय काय? तुम्ही मराठी करून पाठवलेलं कार्ड माझ्यापुढं आहे. 'मादी: लांबी एकशे बारा मिलिमीटर. अंग काटकुळं, रंग वाळक्या काडीचा, पाय अंगाच्या मानानं लांब. हात लागताच ताठ होऊन मेल्यासारखी पडून राहते व बराच वेळ दाद देत नाही.' हे शेवटचं सरांना कुणी सांगितलं? लग्नानंतर पहिल्या महिन्यात घागरीवरनं मी बोललो, तवा ती अशीच भिंतीकडं तोंड करून दुपारपर्यंत पडून होती. ती घरातली गोष्ट आहे. (सरांचं वय मी तीन पत्रांत विचारलं, तुम्ही तिन्ही वेळा पावसापाण्याचं लिहिलं.)

आणि त्याच्या खालची ओळ. 'नर अद्याप मिळालेला नाही.' त्याच्याही खाली, की या जातीत नराशिवाय अंडी होतात, धन्याएवढी, ती फुटतात आणि सगळ्या माद्याच निघतात, कुणाचं काही अडत नाही. पाव्हणं, हे तुम्ही पाकिटात घालायचं. तुम्ही कार्डावर लिहिलं. पोस्टमननं वाचलं, मुकादमानं वाचलं, आणि आमची खानावळवाली गंगम्मा, जिला मराठी वाचता येत न्हाय, तिला मुकादमानं तेलुगूत करून सांगितलं. त्या दिवसापासनं ताट वाढताना गंगम्मा विचारते, "मिळाला का?"

तलावावरच्या बायाही तिला रोज विचारतात म्हणं, "चांगुणे, तुझा नर घावला का?" आणि ती म्हणते, "बल्लारशाला काड्या मोजतोय, आठवण झाली तर येईल रांगत." हे तुम्ही मला हसून लिहिलं. बायकांचं मला काही वाटत न्हाय. ती त्यांच्यात हसली, हे मला लागलं. सुट्टी असली की ती सरांसाठी बोरी हलवत नर हुडकत हिंडते, हेही लागलं. माझ्यासाठी तिनं दोन वर्षांत एक ओळ लिहिली न्हाय, तुमच्याकडनं लिहवून घेतली न्हाय.

मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, ईटच्या माळावरच्या मोळीत मादी सापडते तर इथं सगळं जंगल वखारीत येऊन पडतंय, आपल्याला नर का न्हाय सापडायचा? सागाच्या ढिगात मला एक काडी दिसली. सहा बारीक फाटे, पुढं मिशीसारखे दोन. ती मी खोक्यात घालून खोलीत ठेवली, पाला घातला, पाणी शिंपडलं. हलली न्हाय. सरांनी लिहिलंय की हा किडा दिवसभर हलत न्हाय, म्हणून धीर धरला. दुसऱ्या दिवशीही हलली न्हाय. मुकादम म्हणाला, "मच्छिंद्र, ती काडी आहे." मी म्हटलं, ईटलाही सगळे असंच म्हणाले असतील. तिसऱ्या दिवशी कामावर जाताना खोकं गंगम्माच्या ओट्यावर ठेवून गेलो. परत आलो तर खोकं मोकळं, आणि चहा तयार. मी तिच्याशी दोन दिवस बोललो न्हाय, तिच्या हातचं जेवलो न्हाय. एका काडीसाठी. ती काडीच होती, हे मलाही कळत होतं.

तर आता सरांना कळवा की नाव बदलून शिवगंगा करावं, न्हायतर मी स्वतः सोलापूरला येऊन भेटेन. बाकी सर्व क्षेम.

आपला दाजी,
मच्छिंद्र

ता. क. सरांना काही कळवू नका. शिवगंगा हे नाव मी ढाब्यावर थांबलेल्या एका ट्रकच्या कपाळावरनं घेतलं होतं. चार महिने विचार केला तो हे कुणाला सांगावं का, याचाच.

आणखी ता. क. गंगम्माशी अबोला धरला तवा मला गेल्या दसऱ्याचं आठवलं. मी चार दिवस ईटला आलो होतो. तुमची बहीण पाण्याला गेली तवा म्हटलं, आज आपण चहा करून ठेवू, खूश होईल. चुलीशेजारी डालड्याच्या डब्यात वाळक्या काड्या होत्या, त्या आत सारल्या. दोन चालत बाहेर आल्या. एक आली न्हाय. ती बाकीच्यांपेक्षा आखूड होती, बारीक, पाठीवर पंखासारखं काहीतरी होतं. बहीण परत आल्यावर मी सांगितलं, एक काडी मांजरानं नेली. ती मांजराला काही बोलली न्हाय, माझ्याशीच बोलायची थांबली. म्हणजे तिला ठाऊक असावं. नर मिळाला होता, पाव्हणं, तो मी चुलीत घातला. हे तिला तुमच्या तोंडानं सांगा, मला कार्डावर लिहवत न्हाय.

शेवटचं. इथं रेल्वेच्या बाजूला एक खोली घेतलीय, मागं बोरींचं रान आहे. ती यायला तयार असली तर डबा घेऊन येऊ दे, चुलीपासनं लांब फळी मारून ठेवलीय. जिच्या नावाचा किडा आहे तिला सोबत लागत न्हाय असं ती म्हणंल, तरी सोलापुरात बायकांच्या डब्यात तुम्ही बसवून द्या. तुमचं तिकीट तुमचं. तिच्या भाड्याच्या मनिऑर्डरच्या फॉर्मवर शिवगंगा लिहिलं, तर पोस्टातला कारकून म्हणाला, तिथल्या पोस्टमनला ही बाई घावंल का? खोडलं, आणि चांगुणा लिहिलं. पहिल्यांदाच लिहिलं. एस.टी., पुढं रेल्वे आणि वाटेत दोन चहा, एका माणसाचे, फक्त यायचे: बहात्तर रुपये.