रहीमभाईंची दोरी

जवळा बाजार, शनिवार, १९४१

थकलोय, पण पाठ टेकवत नाही. रहीमभाईंचा लग्नात घालायचा कुर्ता मी तीन बोटं तोकडा कापला. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाची गाठी मारलेली दोरी मी ठेवतो. घेतली भलत्याचीच. आणि बोललो काय? "भाई, कापडच कमी भरलं."

ते हसले. "बराबर असंल, मास्तर. तुमी येशूचे माणसं, खोटं काहून बोलताल?"

काजं करणाऱ्या बायकोनं खुंटीवरच्या त्यांच्या दोरीकडे पाहिलं.

कुणाच्या हाताखाली न बसता शिवणकाम शिकलो, ही घमेंडच आडवी आली का? त्यांची दोरी खुंटीला तशीच आहे. उद्या प्रार्थनेत वचन मीच वाचायचं. कोणत्या तोंडानं? आधी त्यांच्या दारी जाईन. कापड पुरेसं होतं, मीच भलत्या दोरीनं कापलं, हे त्यांच्याच अंगाला त्यांची दोरी लावून दाखवीन.