गच्चीवरचा दिशादर्शक फिरवू देण्याबाबत

प्रति,
मा. फलक निरीक्षक,
रस्ते व फलक विभाग, नगर कार्यालय.

विषय : अर्जदाराची अँटेना हा रस्त्यावरील फलक नसल्याबाबत.
संदर्भ : आपले परवानगीपत्र, अट क्र. ४ ('दिशादर्शकाची दिशा बदलू नये').

महोदय,

१. अर्जदार घड्याळे दुरुस्त करतो व हौशी रेडिओचा रीतसर परवानाधारक आहे. त्याचा थोरला भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीस आहे. दर रविवारी सकाळी दहाला दोघे भाऊ रेडिओवर बोलतात आणि आई शेजारी खुर्ची ओढून बसते. आवाज क्षीण येऊ लागल्याने अर्जदाराने गच्चीवर मोठी अँटेना उभारण्याची परवानगी मागितली. ही अँटेना जिकडे वळवावी तिकडचेच नीट ऐकते. अर्जात शुद्ध मराठी शब्द असावा म्हणून अर्जदाराने तिला 'दिशादर्शक' म्हटले, आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

२. अर्ज आपल्या विभागाकडे गेला. परवानगी चार दिवसांत मिळाली, याबद्दल अर्जदार ऋणी आहे. मात्र आपल्या कर्मचाऱ्यांनी शिडी लावून अँटेना बसस्थानकाकडे वळवली, बोल्ट आवळून सील ठोकले व खांबावर 'बसस्थानक ४०० मीटर' अशी पाटी लावली. पाटी सुबक आहे. अंतर सहाशे आहे.

३. अर्जदाराने समक्ष येऊन खुलासा केला असता, "दिशादर्शकच गरागरा फिरायला लागला तर लोकांनी जायचं कुठे?" असे आपल्या कारकूनसाहेबांनी विचारले. अर्जदार हात हलवत परतला.

४. पाटी वाचून प्रवासी जिना चढून येतात. मागील मंगळवारी एक जोडपे दोन ट्रंकांसह थेट स्वयंपाकघरात पोहोचले. आईने त्यांना पाणी दिले, बसची वेळही सांगितली. वेळापत्रक तिला आता तोंडपाठ आहे.

५. जहाज मात्र बसस्थानकाच्या बाजूला नाही. ते दर रविवारी निराळीकडेच असते. सहा रविवार झाले, नुसती खरखर ऐकू येते. आई त्या खरखरीलाच, "हो रे, गोळ्या घेतल्या मी," असे उत्तर देते. परवा तिने विचारले, "रुसलाय का रे तो माझ्यावर?" अर्जदारास हे ऐकवत नाही.

६. सबब विनंती की,
(अ) सील काढून अँटेना फिरवू द्यावी;
(ब) नियमात बसत नसल्यास, जहाजाच्या कप्तानास दर रविवारी दहाला बसस्थानकाच्या सरळ रेषेत उभे राहण्याचे आदेश द्यावेत;
(क) तेही अधिकारात नसल्यास, आपण स्वतः एका रविवारी घरी यावे, खुर्ची ओढून आईशेजारी बसावे आणि तिचा मुलगा रुसलेला नाही, हे तिला सांगावे. अर्जदाराच्या सांगण्यावर तिचा विश्वास बसत नाही.

आपला नम्र व नाइलाजाने बसस्थानकाभिमुख,
(सही)
घड्याळवाला, तिसरा मजला
दिनांक : सातव्या रविवारचा आदला दिवस

सोबत : रेडिओ परवान्याची प्रत, जगाचा नकाशा (बसस्थानक लाल शाईने दाखवले आहे).