फ्लोरीनचा फेटा

शाहूपुरी, कोल्हापूर
मंगळवार

तीर्थरूप तात्यांना उन्मेषचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? काकूंचा खोकला थांबला असेल. इकडे सगळे ठीक. माझी नोकरी तेवढी अजून तात्पुरती आहे (चौथं वर्ष) आणि शनिवारी तीही जाता जाता राहिली.

झालं असं की, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मला अणूंचे आकार दाखवायचे होते. पोरांना वाटतं, इलेक्ट्रॉन वाढले की अणू फुगतो. आवर्त सारणीच्या एका ओळीत उलटंच होतं. डावीकडून उजवीकडे इलेक्ट्रॉनांचे थर तेवढेच राहतात, केंद्राची ओढ मात्र वाढते, म्हणून अणू आवळत जातो. एक ओळ खाली उतरलं की नवा थर चढतो आणि अणू मोठा होतो. हे फेट्यावर छान दिसेल असं वाटलं (तुमच्या घरात वाढल्याचा परिणाम). लिथियम ते फ्लोरीन अशी सात मुलं उभी केली. सगळ्यांना दोनच थर, फक्त डोक्यागणिक ओढ जास्त. फेटे बांधायला आलेले तुमचे शिष्य बाळासो तिसऱ्याच डोक्याशी अडले. "सर, असला बारका फेटा बांधला तर मंगळवार पेठेत तोंड दाखवता येणार न्हाय की!" त्यांची समजूत काढण्यात अर्धा तास गेला.

सर्वांत ऐसपैस फेटा लिथियमला, म्हणजे आमच्या शिपायांच्या मोहितला, मिळाला. सर्वांत आवळ फ्लोरीनला, म्हणजे संस्थेचे अध्यक्ष रुद्राप्पा यांच्या नातीला, भूमिकाला. मी तिला मानानंच निवडलं होतं (फ्लोरीन दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, घराण्याला शोभेल असं वाटलं). अध्यक्षांनी ओळ न्याहाळली आणि मला विचारलं, "काय पावणं, आमच्या पोरीपाशी येऊन कापड संपलं व्हय?" (तात्पुरत्या मास्तराला पावणं म्हटलं की त्यानं पिशवी भरायला घ्यावी.) मोठा फेटा हवा तर खालच्या ओळीत सोडियम आहे, असं मी सुचवलं. त्यावर ते म्हणाले, "आता खालच्या ओळीत?"

शेवटी भूमिकाच बोलली. "अज्जा, माझी ओढ सगळ्यात जास्त हाय, म्हणून मी बारकी. मोहितचं नुसतं ढिल्लं हाय, बघा." तिनं बोट लावताच मोहितचा फेटा नाकावर आला. अध्यक्ष खो खो हसले, मग गंभीर झाले. "सगळ्यात मोठा कोण?" मी म्हटलं, सहा थरांचा सीझियम. "तो मी."

तुमचा,
उन्मेष

ता. क. हा सीझियम रविवारी स्नेहसंमेलनात बांधायचा आहे. त्यानंतर माझ्या कायम नेमणुकीच्या कागदावर सही. बाळासो सहा थरांना हात लावत नाहीत. शनिवारच्या एसटीनं याल का?

ता. क. २. सारणी सभागृहाच्या फरशीवर आखली आहे आणि ज्यानं त्यानं आपापल्या चौकटीत उभं राहायचं आहे. सीझियमची जागा खाली, डाव्या कोपऱ्यात, म्हणजे जिथं सगळे चपला काढतात तिथं येते. अध्यक्षांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही त्यांच्या वयाचे आहात, फेटा बांधता बांधता तेवढं सांगा.