तासाला सहा लिटर

प्रिय भिंगरी,

या नावाने तुला आता कोणी हाक मारत असेल असं वाटत नाही. पण ते मीच ठेवलेलं, तेव्हा निदान पत्राच्या माथ्यावर लिहायला हरकत नसावी. अक्षर वाकडंतिकडं आलंय, समजून घे. हाताची पेन धरायची सवयच गेली. आमच्या पाणी खात्यात आता कोणी काही लिहीत नाही, सगळे नुसते पडद्याकडे बघत बसतात. एकतीस वर्षं दारोदार फिरून मीटर वाचणारा तुझा बाबा गेली तीन वर्षं खुर्चीवर बसून आहे, आणि त्याच्या पायांना ते अजून पटलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी उगाचच चार मजले चढून उतरतो. शिपाई विचारतो, काका, काही हरवलंय का? काय सांगणार त्याला?

शाळेच्या सुट्टीत तू माझ्याबरोबर फिरायचीस, आठवतं? मी लोखंडी झाकण उचलायचो, काठीने कोळ्याची जाळी बाजूला करायचो आणि तू फरशीवर पालथी पडून आकडे ओरडायचीस. काळे आकडे लिहायचे, लाल सोडून द्यायचे, हा खात्याचा नियम. लाल म्हणजे सुटे लिटर, त्यांना कोण विचारतो? तुला हे कधीच मान्य झालं नाही. लाल आकड्यांनी काय घोडं मारलंय, म्हणून भर रस्त्यात भांडायचीस. एका घरच्या कुत्र्याने माझी विजार धरली, तर पळायचं सोडून त्यालाच दम भरलास. तुझी आई म्हणायची, हट्ट अगदी बापाचा घेतलाय, आता दोघं एकमेकांना निस्तरा. गमतीनं म्हणायची ती.

नवे मीटर बसले आणि तुझं म्हणणं खात्याने मान्य केलं. प्रत्येक मीटरच्या पोटात बोटभर यंत्र असतं, ते मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवतं आणि दर तासाला लाल आकड्यांसकट सगळं आपणहून पाठवतं. कुठल्या घरात सकाळी कधी नळ सुटला, कोण गावाला गेलंय, कोणाकडे पाहुणे उतरलेत, सगळं बसल्या जागी कळतं. मागच्या महिन्यात एक इंजिनियर बाई आम्हाला पुढचं शिकवायला आल्या होत्या. तुझ्याच वयाच्या असतील. त्या सांगत होत्या की ही तर नुसती सुरुवात आहे, येत्या काही वर्षांत घरातल्या वस्तू आपसातच बोलून घेतील. गळती लागली की मीटर झडपेला सांगेल, झडप आपोआप बंद होईल, दुरुस्तीवाल्याला पत्ता जाईल. कपडे धुण्याचं यंत्र पाण्याचा दाब बघून स्वतःची वेळ ठरवेल. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने सकाळी नळ सोडला नाही, तर मुलांच्या फोनवर लगेच निरोप जाईल. माणसाला मध्ये पडायचं कारणच उरणार नाही, असं त्या कौतुकाने म्हणाल्या. मी हात वर करून विचारलं, उलट्या बाजूने म्हाताऱ्याकडेही निरोप येतो का? सगळे हसले. मीही हसलो, पण मला खरंच विचारायचं होतं.

आता मुद्द्यावर येतो, नाहीतर असाच पाणी घालत बसेन. माझ्या पडद्यावर साडेचार हजार मीटर आहेत. त्यातला एक तुझा आहे. तुम्ही दोघं सासरहून वेगळे होऊन त्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आलात, त्याला अडीच वर्षं झाली. नवीन जोडणीच्या यादीत तुझं नाव वाचलं तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, कारण आडनाव अजून माझंच होतं. त्या दिवसापासून रोज कामावर गेलो की आधी तुझा मीटर बघतो आणि मग बाकीच्या गावाचा. तुझा नळ सहा वाजून दहा मिनिटांनी सुटतो. रविवारी साडेआठ. तेवढं दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो आणि मी चहा घ्यायला उठतो. कोणाच्या घरात असं डोकावणं चूक आहे, हे मला कोणी शिकवायला नको. तरी अडीच वर्षं डोकावलो.

सव्वा वर्षापूर्वी तुझा मीटर पाच दिवस शून्यावर होता. गावाला गेली असेल, असं पहिले दोन दिवस स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवसापासून डबा तसाच घरी परत न्यायला लागलो. सहाव्या दिवशी दुपारी चारला आकडा हलला आणि मग थांबायचं नावच घेईना. पहाटे पाणी, दुपारी पाणी, दर दोन तासांनी थोडंथोडं पाणी. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर ते कसलं धुणं आहे, हे मला कोणी सांगावं लागत नाही. सगळ्या ऑफिसला चहा पाजला. कशाबद्दल विचारलं तर म्हणालो, वाढदिवस आहे. कोणाचा म्हणून विचारल्यावर मी कपबशा गोळा करायला लागलो. मुलगी झाली की मुलगा, हेही मला ठाऊक नव्हतं. अजून नाही. पुढे एकदा न राहवून रजा टाकली आणि तुझ्या इमारतीसमोर जाऊन उभा राहिलो. गॅलरीत दोरीवर मोजे वाळत होते, माझ्या अंगठ्याएवढे. सात होते. आठवा कुठे गेला, याचा विचार करत परत आलो. जिना चढायची हिंमत झाली नाही.

का झाली नाही, ते तू जाणतेस, पण मी अजून एकदाही तोंडाने कबूल केलेलं नाही. तुझ्या सासरी जेवायला आलो होतो, हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. घरभर पाणी चालू, आणि मीटरचा काटा जागचा हलत नव्हता. मीटरला चुकवून शेजारून दुसरी नळी काढलेली मला तिथेच दिसली. जेवलो, पान वाढणाऱ्या तुझ्या सासूबाईंना स्वयंपाक छान झालाय म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच घराविरुद्ध अहवाल लिहून दिला. पथक आलं, रस्त्यावर लोक जमले, तुझे सासरे सगळ्यांसमोर मान खाली घालून उभे राहिले. तू संध्याकाळी माझ्याकडे आलीस, तेव्हा त्यांनी चोरी केली नाही असं म्हणाली नाहीस. एवढंच म्हणालीस की बाबा, आधी मला सांगायचं, मी एका दिवसात ती नळी काढायला लावली असती. आणि मी तुला नियम क्रमांकासकट वाचून दाखवला. तुझी आई असती तर तिने कोपराने ढोसून मला गप्प केलं असतं. ती नव्हती, आणि मी बोलतच राहिलो. तू चप्पल घातलीस आणि गेलीस, त्याला आता साडेचार वर्षं होतील. अहवाल खरा होता, बाळा. पण ज्या घरात आपली लेक नांदते तिथल्या माणसांना सावरून घ्यायची एक संधी मी तुझ्या हातून काढून घेतली. ते चुकलं. फार चुकलं.

येत्या एक तारखेपासून आमच्या पडद्यावरची नावं आणि पत्ते जाणार. नुसते क्रमांक राहतील, आणि तेही यंत्रच बघणार. बाई म्हणाल्या, लोकांच्या घरातलं कोणाला दिसता कामा नये. बरोबरच आहे त्यांचं. मी खाली बघत ऐकून घेतलं. पण एक तारखेनंतर तुझा सकाळचा नळ मला दिसणार नाही. तू नव्हतीस तेव्हाही तेवढी तू होतीस माझ्याजवळ. ऑफिसात माझं टेबल खिडकीपाशी आहे, पण मी बाहेर कधी बघितलंच नाही.

आणि आता हे पत्र का लिहितोय ते. एकोणीस दिवस झाले, तुझा मीटर शून्यावर येतच नाही. घर झोपलेलं असतानाही तासाला सहा लिटर जातंय. बहुधा संडासाच्या टाकीतलं रबर गेलंय, आवाज होत नाही म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल. तीन दिवसांनंतर बटण दाबून सूचना पाठवायची आणि माणूस धाडायचा, असा नियम आहे. मी बटण दाबलेलं नाही. उभ्या नोकरीत पहिल्यांदाच नियम मोडलाय, कारण या वेळी खात्याच्या आधी तुला सांगायचं होतं. रबर आणि पाना माझ्या पिशवीत आहेत, दहा मिनिटांचं काम आहे. तुला मी यायला नको असेल, तर टाकीच्या खाली डाव्या हाताला छोटी चावी आहे, ती बंद कर. रात्रीचा आकडा शून्य होईल, मी समजून घेईन आणि पुन्हा त्रास देणार नाही. पत्राचं उत्तर लिहायची गरज नाही. चावी बंद झाली नाही, तर येत्या शनिवारी, एक तारखेच्या आधीच, सकाळी दहाला मी जिना चढेन. गळणारं पाणी बंद करण्यात सगळी हयात गेली माझी. आता रोज पडद्यासमोर हात जोडून बसतो, की शनिवारपर्यंत तुझ्या घरचं हे पाणी असंच गळत राहू दे.

तुझाच,
वाट बघणारा बाबा