ह्यांना सातारा दाखवताना

१० जानेवारी १९७३. सातारा

पोचलो एकदाचे. कडेगावाहून कराड, कराडहून इथं – सगळी वाट ह्यांचा हात माझ्या खांद्यावर. लढाईत सुरुंग फुटून ह्यांचे दोन्ही डोळे गेले, त्याला वर्ष होऊन गेलं. तरी मला अजून नवऱ्याच्या पुढं चालायची सवय नाही. स्टँडवर बायका बघत होत्या. बघू देत!

उतरलोय ह्यांच्या शालू मावशींकडं. सैनिक कचेरीत पेन्शनचं काम आहे. उरलेल्या वेळात सातारा बघायचा. लग्न झालं तेव्हाच म्हणाले होते, राजांचं गाव दाखवतो. मग लढाईच लागली. आता कोण कुणाला दाखवणार!

११ जानेवारी

सकाळी कचेरी. मला बाहेर बाकावर बसवून हे शिपायाचा हात धरून आत गेले. बराच वेळ लागला. विचारलं तर 'झालं काम' एवढंच.

मग राजवाडा. मला सांगताच येईना. मोठा आहे, जुना आहे – तेवढंच तोंडात येत होतं. हे म्हणाले, "मोठी तर आपली म्हस बी हाय. नीट सांग की."

हसू आलं. मग जवळ जाऊन पाहिलं. खांब सुरूच्या झाडासारखे निमुळते. वर उलटी केळफुलं कोरलेली, पाकळी न् पाकळी सुटी. एका खांबाला कुणीतरी सायकल टेकवून ठेवलेली – तीही सांगितली. म्हणाले, आता दिसलं.

१२ जानेवारी

माहुली. कृष्णा-वेण्णेचा संगम. इथं माझी गरजच पडली नाही. देवळाचा काळा दगड उन्हानं तापला होता, हे हातानं चाचपत चालले. नंदीपाशी थांबले. गळ्यातली दगडी माळ मणी मणी करून पाहिली. मग माझा हात ओढून नंदीच्या कानामागं नेला. जिथं कुणी बघणार नाही, तिथंही कारागिरानं दगड लोण्यासारखा केलाय!

दवाखान्यातून आल्यापासून माझ्या तोंडावरून त्यांनी असा हात फिरवलेला नाही. नंदीचं नशीब.

१३ जानेवारी. भोगी

मावशी भाकरी थापताना रडायला लागल्या. सांगू नको म्हणाला होता, पण माझ्यानं राहवत न्हाई, म्हणाल्या. कचेरीत ह्यांनी पुण्याच्या आंधळ्या जवानांच्या शाळेत नाव घातलंय. उद्या इथूनच पुण्याला जाणार. मला कराडच्या गाडीत बसवणार. तिथं माझा भाऊ आकाराम येणार, माहेरी न्यायला. कायमचं.

मी ह्यांना काही बोलले नाही. लिंब गावची विहीर बघायला जायचं ठरलं होतं. गेलो.

बारा मोटांची विहीर. विहीर कसली, जमिनीच्या पोटात बांधलेला वाडाच तो. पायऱ्या उतरताना मी पुढं, हे मागं. दारावरचे दगडी शरभ दाखवले – सिंहासारखे, पण सिंह नव्हेत. आत गार. खाली हिरवं पाणी. ह्यांनी हाळी दिली, ती विहिरीला फिरून परत आली. तोंड कसं उजळलं त्यांचं!

तिथंच म्हटलं, पुण्याचं कळलं मला.

मग म्हणाले, "माज्यापायी तुज्या जल्माचं वाटोळं कशाला?"

"आवं, मला एकटीला काय बी दिसत न्हाई," मी म्हटलं. "राजवाड्याम्होरं नुसतं मोठं न् जुनं दिसत हुतं. तुमी इचारलंत, म्हणून केळफुलं दिसली."

वर येताना माझ्या खांद्यावर हात नव्हता. भिंत चाचपत आले. मी पुढं चालत रडले. आवाज होऊ दिला नाही.

१४ जानेवारी. संक्रांत

गाडी हलतेय, अक्षर वाकडं येतंय. आकाराम कराडला वाट बघत राहील. त्याला पुण्याहून कार्ड टाकीन. खोली बघावी लागेल.

कंडक्टरनं विचारलं, कुठं? ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. म्हणाले, "पुणं. दोघं हाय आमी."